बिनखलाशांचे आरमार

चाकणचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर सुचत नाही. चाकण म्हटले म्हणजे संग्रामदुर्ग आठवतो, कांदा-बटाट्याचा बाजार आठवतो, आणि अलीकडच्या पिढीस मोटारींचे कारखाने आठवतात. समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडे. असे असूनही २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात चाकणजवळच्या भामा-आसखेड धरणाच्या जलाशयात तीन लहान नौका पाण्यावर धावल्या, आणि त्यांपैकी एकीवरही माणूस नव्हता. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने घेतलेली ही दूरनियंत्रित, शस्त्र बसविता येईल अशा नौकांची पहिली चाचणी होती. तिघींचे पल्ले निरनिराळे होते. ज्या धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागात नळाला येते, त्याच पाण्यावर आरमाराच्या नव्या युगाचा एक लहानसा प्रयोग झाला.

या प्रयोगाचे अप्रूप वाटून घ्यावे की काळजी करावी, हे ठरविण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय ते नीट समजून घेतले पाहिजे. आज आम्ही चार प्रश्नांचा विचार करणार आहोत. बिनखलाशांची नौका म्हणजे काय? ती चालते कशी? आरमाराला ती का हवी, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीचा तिच्याशी संबंध काय? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न : तिच्या हातून जे घडेल त्याचा जबाब कोणी द्यायचा?

पतंग, घाण्याचा बैल आणि बाजारची गाडी

वर्तमानपत्रांत या सर्व नौकांना सरसकट एकच नाव दिले जाते. वस्तुतः त्यांत तीन जाती आहेत आणि त्यांतील भेद लक्षात न घेतल्यास पुढची सर्व चर्चा घोटाळ्याची होते.

पहिली जात पतंगासारखी. पतंग आकाशात असतो, पण त्याची बुद्धी खाली गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात असते. मांजा तुटला की पतंग भरकटला. दूरनियंत्रित नौका अशीच असते. तिच्यावर माणूस नसतो, पण किनाऱ्यावर किंवा दुसऱ्या जहाजावर बसलेला माणूस पडद्यावर पाहून तिचे सुकाणू फिरवीत असतो. रेडिओलहरी हा तिचा मांजा.

दुसरी जात घाण्याच्या बैलासारखी. एकदा जुंपला की तो ठरलेल्या वाटेने फिरत राहतो. वाटेत कोणी आडवे आले तर काय करायचे, हा विचार त्याचा नव्हे. मोठ्या जहाजांवर ठरलेल्या दिशेने सुकाणू धरून ठेवणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच आली. ती या जातीची.

तिसरी जात बाजारातून परतणाऱ्या बैलगाडीसारखी. गाडीवान मागे कांबळे पांघरून झोपलेला असतो. बैल मात्र रस्ता ओळखतात, खड्डा चुकवितात, समोरून गाडी आली तर बाजूला होतात आणि गोठ्याशी येऊन थांबतात. कोठे जायचे हे मालकाने ठरविले, कसे जायचे हे बैलांनी. स्वायत्त नौका म्हणतात ती हीच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२१ साली व्यापारी जहाजांपुरता या विषयाचा अभ्यास पूर्ण केला, तेव्हा तिनेही अशाच चार पायऱ्या कल्पिल्या : खलाशांना मदत करणारी यंत्रे, खलाशी असलेले पण दूरून चालविलेले जहाज, खलाशी नसलेले दूरनियंत्रित जहाज, आणि स्वतःच निर्णय घेणारे जहाज.

कल्पना जुनीच आहे

लहान नौकांनी मोठ्या जहाजाला जेरीस आणावे, ही युक्ती कोकणकिनाऱ्यास नवी नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराबे होती आणि त्यांहून हलकी, वल्ह्यांनी चालणारी गलबते होती. वारा पडला म्हणजे शिडांवर अवलंबून असलेले परदेशी जहाज जागच्या जागी डोलत राही. अशा वेळी गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, कारण तेथे त्याच्या तोफा थोड्या असत. एकेकटे गलबत दुबळे, पण पुष्कळ गलबते एकविचाराने चालली की बलाढ्य जहाजाची धडगत नसे. आजच्या शास्त्रज्ञांच्या भाषेत याला नौकांचा थवा म्हणतात.

बिनतारी लहरींनी दूरवर काम करून घेता येते, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविले. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये एका हौदात लहानशी नौका बिनतारी चालवून लोकांना थक्क केले. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी किनाऱ्याशी लांब तारेने जोडलेल्या स्फोटक नौका बनविल्या आणि २८ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांपैकी एक ब्रिटिशांच्या 'एरेबस' या युद्धनौकेवर आदळविली. म्हणजे कल्पना शंभर वर्षांची आहे. नव्हते ते डोळे आणि मेंदू. स्वस्त कॅमेरे, उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे आणि मुठीत मावणारे गणकयंत्र या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा जुन्या कल्पनेत प्राण आला.

नौकेला वाट कशी सापडते?

तांडेल होडी हाकतो तेव्हा तो एकाच वेळी चार कामे करीत असतो. आपण कोठे आहोत हे तो जाणतो, भोवती काय आहे ते पाहतो, काय करावे ते ठरवितो, आणि त्याप्रमाणे सुकाणू व इंजिन हलवितो. यंत्रालाही ही चार कामे वेगवेगळी शिकवावी लागतात.

'आपण कोठे?' या प्रश्नाचे उत्तर उपग्रह देतात. परंतु युद्धकाळी शत्रू उपग्रहांचे संदेश दडपून टाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटे संदेश पाठवून नौकेला भलत्याच ठिकाणी असल्याचा भास करून देतो. म्हणून नौकेवर होकायंत्र असते आणि स्वतःच्या हालचालीवरून स्थान मोजणारी भोवऱ्यासारखी यंत्रेही असतात. जुना नाविक किनारा दिसेनासा झाल्यावर वेग, दिशा आणि वेळ यांवरून हिशेब करीत असे. हे यंत्र तेच करते, फक्त सेकंदाला शेकडो वेळा.

'भोवती काय?' हा प्रश्न अधिक कठीण. रडारच्या लहरी लोखंडी जहाजावरून छान परततात. लाकडी किंवा फायबरच्या होडीवरून मात्र फारच थोड्या परततात आणि लाटांच्या गोंगाटात त्या हरवतात. मोठी व्यापारी जहाजे आपले नाव, स्थान आणि वेग बिनतारी जाहीर करीत असतात. लहान मासेमारी होडीवर ते यंत्र बहुधा नसते. म्हणून दिवसाचा कॅमेरा, रात्री उष्णता पाहणारा कॅमेरा, पाण्याची खोली मोजणारे यंत्र अशा अनेक साक्षीदारांच्या जबान्या घेऊन गणकयंत्राला निष्कर्ष काढावा लागतो. एकाची साक्ष खोटी ठरली तर दुसऱ्याने सावरावे, ही त्यातली योजना.

'काय करावे?' याचे नियम ठरलेले आहेत. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली सिद्ध झाले. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नौका असेल तिने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला अडथळा करू नये. हे नियम गणकयंत्रास शिकविणे फार अवघड नाही. अवघड आहे तो नियमांतला शहाणपणाचा भाग. कारण नियमांत पदोपदी 'उत्तम नाविकाने करावे तसे' अशा अर्थाची भाषा आहे, आणि उत्तम नाविक म्हणजे काय, हे आकड्यांत लिहून देता येत नाही.

येथे एक व्यवहारातले उदाहरण घेऊ. पालघर-वसईकडे डोलीची जाळी लावतात. समुद्रतळाशी पक्के केलेले ते भले मोठे पिशवीसारखे जाळे असते आणि पाण्यावर दिसतात ते केवळ काही बोये. कोळ्याच्या पोराला त्या बोयांचा अर्थ जन्मापासून ठाऊक. परदेशी बंदरांची छायाचित्रे पाहून शिकलेल्या यंत्राला मात्र तो तरंगणारा कचरा वाटेल. ते सरळ वरून जाईल, पंख्यात जाळे अडकेल, नौका निकामी होईल आणि कोळ्याचे हजारो रुपयांचे नुकसान होईल. म्हणून यंत्राला शिकविण्यासाठी लागणारी छायाचित्रे वर्सोव्याची, हर्णैची, मालवणची हवीत. भरती-ओहोटीची, पावसाळी अंधाराची आणि नारळी पौर्णिमेला पताका लावलेल्या होड्यांचीही हवीत. हा मेंदू बाहेरून विकत घेऊन भागणार नाही.

मांजा किती लांब?

नौका दूरून चालवायची तर तिच्याशी बोलणे अखंड राहिले पाहिजे. पृथ्वी गोल असल्यामुळे या बोलण्याला मर्यादा पडते. हिशेब सोपा आहे. खांबाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे आणि त्यास साधारण चाराने गुणावे, म्हणजे सरळ जाणाऱ्या रेडिओलहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. किनाऱ्यावर २५ मीटर उंच खांब असेल तर त्याचे क्षितिज २० किलोमीटर. नौकेवरचा खांब ४ मीटरचा असेल तर तिचे ८ किलोमीटर. दोन्ही मिळून २८ किलोमीटर. त्यापलीकडे गेलेली नौका या खांबाला मुकली. तिच्याशी बोलायचे तर मध्ये विमान तरंगत ठेवावे लागते किंवा उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो.

उपग्रहाचीही एक गोम आहे. पृथ्वीबरोबर फिरणारे दळणवळण-उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. नौकेने पाहिलेले चित्र वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो आणि आपला हुकूम परत पोचण्यास आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. परंतु ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर वेगाने धावणारी नौका तेवढ्यात १० मीटर पुढे गेलेली असते. खालच्या कक्षेत फिरणारे नवे उपग्रह हा विलंब पुष्कळ कमी करतात. पण ते ज्याच्या मालकीचे, त्याच्या मर्जीवर आपले आरमार चालणार. शिवाय शत्रू लहरी दडपून टाकणारच. तेव्हा मांजा तुटल्यावरही पतंगाने शहाण्यासारखे वागावे, या गरजेतूनच स्वायत्ततेचा जन्म झाला आहे.

आरमाराला ती का हवी?

भारताचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७,५१६ किलोमीटर होता. खाड्या, बेटे आणि वळणे अधिक बारकाईने मोजल्यावर तो आता ११,०९८ किलोमीटर भरला आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून आणि शेवटी रबरी होडीतून उतरून आले, ही जखम महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यानंतर २००९ साली नौदलाने सागर प्रहरी बल उभारले. परंतु गस्त हे मोठे थकविणारे काम आहे. तासन् तास रिकामे पाणी पाहून माणसाचे डोळे जड होतात, लाटांनी अंग खिळखिळे होते. यंत्राला कंटाळा येत नाही. कंटाळवाणे, घाणेरडे आणि धोक्याचे, अशी तिन्ही प्रकारची कामे यंत्रावर सोपवावीत, हा या साऱ्या खटाटोपाचा मूळ हेतू होय. पाण्यातील सुरुंग शोधण्याच्या कामी तर तो विशेष पटतो. तेथे चूक झाली तर नौका जाईल, पण घरचा माणूस परत येईल.

दुसरे कारण युद्धाने शिकविले. युक्रेनजवळ सांगण्यासारखे आरमार उरले नव्हते. त्या देशाने २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवास्तोपोल बंदरावर स्फोटक नौकांचा थवा सोडला. पुढे त्यांची 'मागुरा' ही नौका प्रसिद्धीस आली. लांबी अवघी साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या लहान मचव्याएवढी. पोटात तीनशे किलोच्या वर स्फोटके. २०२४ च्या फेब्रुवारीच्या आरंभी अशा नौकांनी रशियाची 'इव्हानोवेत्स' ही क्षेपणास्त्रनौका बुडविली आणि त्याच महिन्यात 'त्सेझार कुनिकोव्ह' हे मोठे जहाजही तळाशी गेले. येथे एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. या नौका मुख्यतः उपग्रहामार्फत माणसेच चालवीत होती. ती स्वायत्ततेची करामत नव्हे, लांबच लांब मांजाची करामत होती.

हे हत्यार दुबळ्याच्या हाती बळ देते, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापणारी आहे. १२ जून २०२४ रोजी तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथी बंडखोरांनी अशीच नौका 'ट्यूटर' या व्यापारी जहाजावर आदळविली. एक खलाशी प्राणास मुकला आणि काही दिवसांनी जहाज बुडाले. जगाच्या व्यापारी जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले कितीतरी खलाशी पोटासाठी राबतात. तेव्हा ही बातमी त्यांच्या घरची आहे. मुंबई हायचे तेलाचे मनोरे आणि मुंबई, न्हावा-शेवा ही बंदरे अशाच मचव्याच्या टप्प्यात आहेत. आपण अशा नौका बनवू किंवा न बनवू, त्यांच्यापासून बचाव करणे तर आपल्याला शिकावेच लागणार. आणि जी वस्तू आपण कधी बनविली नाही, तिचा बचाव आपल्याला जमत नाही.

घाटावरचा समुद्र

आता पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांकडे वळू. पुण्याच्या आसमंतात समुद्रविद्या पूर्वीपासून नांदते आहे. लोणावळ्यास 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाच्या यंत्रशास्त्राची शाळा १९४५ पासून आहे. जहाजांची इंजिने कशी चालतात हे आपले नौसैनिक डोंगरमाथ्यावर शिकतात. खडकवासल्यास १९१६ साली सुरू झालेली जलसंशोधन संस्था बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास करते. दिघी येथे संरक्षण संशोधनाची अभियांत्रिकी आस्थापना आहे. बाँब निकामी करण्यासाठी माणसाऐवजी पुढे जाणारे 'दक्ष' हे दूरनियंत्रित वाहन तिनेच सिद्ध केले. जमिनीवर जे 'दक्ष' करते तेच पाण्यावर करायचे, एवढाच पुढचा विचार होता.

त्यात मोटारींच्या कारखानदारीची भर पडली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड, पुढे चाकण असा पट्टा वाढत गेला. या पट्ट्यात आज काय होत नाही? साचे बनतात, फायबरचे भाग ओतले जातात, तारांचे जुडगे बांधले जातात, विजेऱ्या, मोटारी, पंप आणि इंजिनाला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या जुळविल्या जातात. अलीकडची मोटार स्वतःच ब्रेक लावते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते. तिचे डोळे आणि स्नायू बनविणारा कारागीर नौकेचेही बनवू शकतो. नौकेचे कवच बंदरात बांधता येईल; तिची नाडी आणि मज्जा मात्र अशाच लेथ आणि वर्कबेंचांच्या गावी तयार होते.

याची चिन्हे दिसू लागली आहेत. सागर डिफेन्स इंजिनीअरिंग या तरुण कंपनीने नौदलासाठी माणूस किंवा ओझे वाहून नेणारे 'वरुणा' हे ड्रोन बनविले. ते जुलै २०२२ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांसमोर उडवून दाखविण्यात आले आणि त्याच्या चाचण्या चाकण येथे झाल्या. त्याच महिन्यात नौदलाने नव्या उद्योजकांपुढे ७५ आव्हाने ठेवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांतील पन्नासावा करार याच कंपनीशी झाला, तो सशस्त्र स्वायत्त नौकांच्या थव्यासाठी. पुढे २९ ऑक्टोबर २०२४ रोजी या कंपनीच्या स्वायत्त नौकेने मुंबई ते तुतिकोरीन असा सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रवास आरंभिला. संरक्षणमंत्र्यांनी दिल्लीहून तिला निरोप दिला. २ एप्रिल २०२५ रोजी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी ६ मेगावॉटचे जहाजी डिझेल इंजिन देशातच घडविण्याचा करार झाला. त्याची योजना २७० कोटी रुपयांची असून ७० टक्के भार सरकारने उचलला आहे. हे इंजिन मोठ्या जहाजांचे. पण ज्या देशाला जहाजाचे हृदय बाहेरून आणावे लागते, त्याने मेंदूच्या गोष्टी सांगू नयेत, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला.

तथापि कौतुकाच्या भरात एक फरक विसरता कामा नये. धरणाचे पाणी गोडे आणि शांत असते. समुद्राचे पाणी खारे असते, त्याला भरती-ओहोटी असते, आणि जून ते ऑगस्ट तो कोणाचे ऐकत नाही. मिठाने तारांचे जोड कुजतात, कॅमेऱ्याच्या भिंगावर क्षार साचतो, तळाला शेवाळ आणि कालवे चिकटून वेग घटतो. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावून मिस्त्रीला बोलाविता येते. समुद्राला कडा नसते. खलाशी हा केवळ सुकाणू धरणारा नसतो. तोच राखणदार, तोच मिस्त्री, तोच आग विझविणारा. पंपात गेलेली प्लॅस्टिकची पिशवी तो हाताने काढून टाकतो. त्याला नौकेवरून उतरविताना ही सारी कामे कोण करणार, याचे उत्तर आधी द्यावे लागते. अमेरिकेने २०१६ साली पाण्यात सोडलेले ४० मीटर लांबीचे 'सी हंटर' जहाज पुढे सॅन दिएगोहून हवाई बेटांस जाऊन परत आले, तेही बव्हंशी माणसांवाचून. पण मधूनमधून यंत्रांची तपासणी करण्यासाठी त्यावर माणसे चढावीच लागली. तेव्हा येथील कारखानदारांची खरी परीक्षा नौका धावते की नाही, ही नव्हे. महिनाभर कोणी हात न लावता ती धावते की नाही, ही होय.

जबाब कोणाचा?

आता शेवटचा प्रश्न. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने युद्धनौकेची व्याख्या केली आहे. तिच्यावर राष्ट्राची खूण हवी, ती नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली हवी, आणि तिचा खलाशीवर्ग लष्करी शिस्तीने बांधलेला हवा. ज्या नौकेवर खलाशीच नाही ती युद्धनौका म्हणायची की नाही? नसेल तर युद्धनौकेला मिळणारे हक्क तिला कसे मिळतील? असेल तर तिचा कप्तान कोण, चाकणला प्रोग्राम लिहिणारा इंजिनीअर, किनाऱ्यावर पडदा पाहणारा नौसैनिक, की तिला पाठविणारा सेनापती? कायद्याचे पंडित यावर अद्याप एकमताने बोलत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांच्या धोक्यांबद्दलचा ठराव १५२ मतांनी संमत केला. विरोधी मत देणाऱ्या थोड्या देशांत भारत होता. या विषयाची चर्चा विशिष्ट शस्त्रांविषयीच्या जुन्या कराराच्या चौकटीत, तज्ज्ञांच्या समितीतच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. ती भूमिका मान्य असो वा नसो, चर्चेची जागा बदलल्याने प्रश्न बदलत नाही.

तो प्रश्न आपल्या किनाऱ्यावर कसा उभा राहील ते पाहा. रात्रीची वेळ आहे. बंदराच्या निषिद्ध हद्दीत एक दिवा नसलेली होडी येत आहे. तिचे इंजिन बिघडले असेल, ती प्रवाहाबरोबर वाहत आली असेल, आत सहा कोळी असतील. किंवा ती 'कुबेर' असेल. कॅमेऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. माणूस अशा वेळी हाक मारतो, दिवा मारतो, हवेत बार काढतो, थांबतो. चूक झालीच तर त्याला चौकशीपुढे उभे राहावे लागते, आणि ती जाणीव त्याच्या बोटाला आवरते. यंत्राला चौकशीची भीती नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की वाट शोधण्याची, टक्कर टाळण्याची, पाहण्याची आणि कळविण्याची स्वायत्तता नौकेला खुशाल द्यावी. गोळी झाडण्याची देऊ नये. तो हुकूम नाव, हुद्दा आणि सही असलेल्या माणसाचाच असावा. मांजा तुटला तर नौकेने परत यावे किंवा जागच्या जागी थांबावे, मारू नये.

यावर आक्षेप असा की शत्रू असला संयम पाळणार नाही, आणि माणसाला विचारत बसलो तर वेळ जाईल. आक्षेप खोटा नाही. अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्राला अडविण्यासाठी जहाजांवरची यंत्रे आजही क्षणार्धात स्वतः निर्णय घेतात, आणि तेथे ते योग्यच आहे, कारण क्षेपणास्त्रात कोळी बसलेला नसतो. होडीत तो असू शकतो. दोन प्रसंगांतला हा फरक यंत्राच्या रचनेतच घालावा लागेल. युद्ध सुरू झाल्यावर तो घालायला सवड मिळणार नाही.

या कामी कोळी बांधवांनाही विश्वासात घेतले पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारी संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेस प्रारंभ झाला. संकटात सापडलेल्या होडीला हाक मारता यावी, वादळाची सूचना तिला मिळावी, हा त्याचा उद्देश. हीच यंत्रे उद्या स्वायत्त नौकेला 'हा आपला माणूस' असे सांगू शकतील. पण यंत्र बंद असलेली होडी शत्रूची, असा उलट नियम मात्र कोणी करू नये. विजेरी संपणे हा गुन्हा नव्हे.

तात्पर्य, बिनखलाशांचे आरमार म्हणजे माणसावाचून चाललेले आरमार नव्हे. नौकेवरचा माणूस उतरला, पण तो नाहीसा झाला नाही. तो भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तारांचे जोड तपासत आहे, चाकणच्या टेबलाशी बसून टक्कर टाळण्याचे नियम यंत्राच्या भाषेत लिहीत आहे, हर्णैच्या बंदरात होड्यांची छायाचित्रे गोळा करीत आहे, आणि मुंबईच्या नियंत्रणकक्षात पडद्यावर डोळा ठेवून आहे. पूर्वी आरमाराचे बळ जहाजावरच्या माणसांच्या धैर्यावर असे. यापुढे त्याचा मोठा वाटा किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्या माणसांच्या काळजीवर असेल. जोड ढिला ठेवणाऱ्याला समुद्र दिसत नाही, पण समुद्रावर त्याचीच परीक्षा होते. ज्या पट्ट्याने साठ-सत्तर वर्षांत देशाला औषधे, स्कूटरी आणि मोटारी दिल्या, त्याला हे काम जमेल याविषयी आम्हांला शंका नाही. ते काम करताना गोळीचा हुकूम कोणाच्या हाती ठेवायचा, हे मात्र केवळ कारखान्यांनी ठरवायचे नाही. ते तुम्ही-आम्ही, म्हणजे ज्यांच्या नावाने ही नौका समुद्रात जाणार त्या नागरिकांनी ठरवायचे आहे, आणि तेही ती नौका समुद्रात जाण्यापूर्वी.